चढणीचा मासा : तिथला आणि इथला

स्टीलहेड हा शब्द आमच्या घरात आला तो माझ्या धाकट्या भावाच्या तोंडून. तो बरीच वर्षं कॅनडात, टोरंटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरात राहतो. फोनवर मुलांची शाळा, अम्मीचं ब्लडप्रेशर, गावच्या लग्नांच्या बातम्या एवढं झालं की मार्च-एप्रिलमध्ये तो हटकून म्हणायचा, ‘‘आपा, पाणी चढलंय. आता स्टीलहेड येणार.’’ आवाज अगदी लहानपणीचा. आमच्या मंडणगडच्या बाजूला जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पऱ्याला लोंढा आला की तो असाच ओरडत घरात यायचा आणि दादांची बत्ती शोधू लागायचा.

२०२३ च्या एप्रिलमध्ये भाबीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले. रमजानचे शेवटचे दिवस होते. ज्या माशाचं इतकं कौतुक ऐकलं होतं तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलच्या थंड नद्यांत इंग्रजांच्या काळापासून ट्राउट आणून सोडले आहेत, त्याच कुळातला. फरक एवढाच की साधा रेनबो ट्राउट नदीत जन्मतो आणि नदीतच राहतो. स्टीलहेड लहानपणी ओढा सोडून मोठ्या पाण्यात जातो, तिथे खाऊनपिऊन धष्टपुष्ट होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या ओढ्यात येतो. मोठ्या पाण्यातून नुकताच आलेला मासा चांदीसारखा चमकतो, डोक्यावर निळसर पोलादी झाक असते, म्हणून हे नाव. काही दिवस ओढ्यात काढले की अंगावरचा गुलाबी पट्टा गडद होतो. आपला जन्मओढा तो पाण्याच्या वासावरून ओळखतो. पॅसिफिकमधले बहुतेक सामन अंडी घातली की मरतात. स्टीलहेडचं तसं नाही. वाचला तर तो परत मोठ्या पाण्यात जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढतो. ‘वाचला तर’ हे दोन शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत.

याचं मूळ घर पॅसिफिक महासागराचा किनारा. ओंटारिओ सरोवर तिथून हजारो किलोमीटर दूर. मग हा इथे कसा? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसांनी तो आणून या मोठ्या सरोवरांत सोडला. सरोवर त्याला समुद्रासारखंच वाटलं असावं, कारण तो रुळला आणि ओढ्यांत चढून पिलं देऊ लागला. भाऊ हसून म्हणतो, ‘‘हा पण माझ्यासारखाच. बाहेरून आला, इथेच संसार थाटला.’’

ईदच्या आधीच्या रविवारी आम्ही पोर्ट होपला गेलो. टोरंटोच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर हे छोटं टुमदार शहर आहे. त्याच्या मधून गॅनरास्का नदी वाहते आणि सरोवराला मिळते. नदी म्हटलं तरी आपल्या सावित्रीपुढे ती ओढाच. पण तिचं पाणी चढलं की काय होतं ते शहराला ठाऊक आहे. मार्च १९८० मध्ये हिने गावाच्या मधल्या बाजारपेठेत शिरून इमारती मोडल्या होत्या. त्याची आठवण म्हणून दर एप्रिलमध्ये तिथले लोक घरी बनवलेल्या गमतीदार होड्या घेऊन याच पुराच्या पाण्यात शर्यत लावतात.

शहराच्या वरच्या अंगाला एक बंधारा आहे, कॉर्बेट्स डॅम. त्याच्या कडेला माशांसाठी जिना बांधला आहे. जिना म्हणजे एकापुढे एक, थोडे थोडे उंच होत गेलेले सिमेंटचे हौद आणि त्यातून उतरत येणारं पाणी. मासा एका हौदातून पुढच्यात उडी मारतो, जरा दम घेतो, पुन्हा पुढे. वर जाणाऱ्या माशांची मोजदादही होते. पण सगळ्यांनाच जिना सापडत नाही. कित्येक मासे थेट बंधाऱ्यावरच उड्या घेत होते. फेसाळ पाण्यातून हातभर लांबीचा मासा बाहेर येतो, शेपटी थरथरवत हवेत राहतो, सिमेंटवर आपटतो, खाली पडतो. पाच मिनिटांनी पुन्हा तोच, किंवा त्याच्यासारखाच दुसरा. काठावर शंभरएक माणसं उभी होती. म्हाताऱ्या बायका, कडेवर मुलं घेतलेले बाप. कोणाच्याही हातात गळ नव्हता. बंधाऱ्याजवळ मासेमारीला पूर्ण मनाई आहे.

बारा वर्षांचा भाचा कठड्यावरून वाकून म्हणाला, ‘‘फूफी, हात घातला तर मिळेल.’’ खरंच मिळाला असता. आम्ही सगळे रोजात होतो. मी त्याला म्हटलं, ‘‘सूरह आराफमध्ये माशांचा किस्सा आहे, मदरशात सांगितला का?’’ त्याला ठाऊक होता. समुद्रकाठच्या वस्तीला शनिवारी शिकार मना होती, आणि नेमके शनिवारीच मासे पाण्यावर तोंड काढून झुंडीने यायचे. इतर दिवशी फिरकायचे नाहीत. तफसीरकार लिहितात की मग त्या लोकांनी युक्ती काढली. आदल्या दिवशी जाळी लावून ठेवायची, चर खणून ठेवायचे, मासे शनिवारी अडकू द्यायचे आणि रविवारी काढायचे. म्हणजे हुकूमही पाळल्यासारखा आणि मासेही पदरात. भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘पण फूफी, इथे तर सीझन शनिवारीच उघडतो!’’ त्याचे अब्बा इतके हसले की शेजारची गोरी मंडळी वळून पाहू लागली.

तो म्हणाला ते खरं होतं. तिथल्या बऱ्याच ओढ्यांवर ट्राउटचा मोसम एप्रिलच्या चौथ्या शनिवारी उघडतो. त्या आधी हिवाळाभर आणि अंडी घालण्याच्या ऐन दिवसांत वरच्या ओढ्यांना हात लावायचा नाही. त्या वर्षी चौथा शनिवार आला २२ एप्रिलला. भावाच्या मशिदीत शुक्रवारी ईद झाली, म्हणजे दुसऱ्याच दिवशी मोसम. इकडे गावात त्याच शनिवारी ईद होती. अम्मीला फोनवर मुबारकबाद दिली तेव्हा आम्ही रबरी बूट चढवत होतो.

फजर पढून निघालो. जायचं होतं विल्मट क्रीकवर. न्यूकॅसल गावाजवळून वाहणारा हा ओढा उडी मारून ओलांडावा एवढाच, पण दोन दिवसांच्या पावसाने काठोकाठ भरला होता. बर्फ नुकतंच वितळून गेल्यावर जमीन ओली गच्च असते. एक थेंब आत मुरत नाही, सगळं पाणी सरळ ओढ्यात. पाणी दुधाळ चहाच्या रंगाचं. मला वाटलं, आता काय मासा मिळणार, परत फिरा. भाऊ मात्र काठावर बसला, एक काडी घेतली आणि पाण्याच्या रेषेवर मातीत खोचली. मग थर्मास उघडून चहा ओतला.

ती काडी पाहून माझ्या पोटात काहीतरी हललं. आमचे दादा हेच करायचे. पऱ्या ओलांडायचा की थांबायचं ते ठरवण्यासाठी काठावर काडी खोचून बिडी ओढत बसायचे. काडी पाण्यात गेली तर मुकाट्याने मागे. काडी कोरड्यात राहिली तर बिस्मिल्लाह म्हणून पाय टाकायचा. दादांनी त्याला हे शिकवलं नव्हतं. त्याने ते पाहिलं होतं, एवढंच.

अर्ध्या तासात काडी कोरड्यात आली. पाणी उतरत होतं. ‘‘हीच वेळ,’’ भाऊ म्हणाला. त्याने जे सांगितलं ते मी शिक्षकी सवयीने वहीत टिपून घेतलं. पाणी चढत असताना मासा हलतो, पण गढूळ पाण्यात त्याला काही दिसत नाही. उतरायला लागून रंग हिरवट होऊ लागला की मासा दिसू लागतो आणि त्यालाही दिसू लागतं. मोठ्या नद्या निवळायला चार-पाच दिवस घेतात. छोटे ओढे एका दिवसात निवळतात. म्हणून पुराच्या दिवसांत जाणकार नदी सोडून ओढे गाठतात. आणि एवढ्या जोराच्या पाण्यात मासा मधोमध थांबत नाही. थांबून करेल काय? त्याची सगळी ताकद तिथेच संपेल. तो काठाला येतो. आडव्या पडलेल्या ओंडक्यामागे, मोठ्या दगडाच्या आडोशाला, वळणाच्या आतल्या अंगाला, जिथे पाणी संथ फिरतं तिथे. नवखे लोक छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून थेट पाण्यात शिरतात आणि पलीकडच्या काठाकडे गळ फेकतात. ‘‘मासा त्यांच्या पायाशी असतो, आपा. ते त्याच्यावरून चालत जातात.’’

पाण्यात शिरण्यावर त्याचा आणखी एक राग होता. तळाला एका ठिकाणचे गोटे आजूबाजूच्यापेक्षा उजळ दिसत होते, कोणी घासून ठेवल्यासारखे. तिथे मादीने शेपटीने खळगा करून अंडी घातली होती आणि वरून गोटे ओढून घेतले होते. त्यावर पाय पडला तर शेकडो अंडी चिरडतात. आणि जिवाची भीती वेगळीच. गुडघाभर थंड पाणीही पुरात माणसाला उचलून नेतं. विजारीत पाणी शिरलं तर उठता येत नाही. भाच्याला त्याने सक्त ताकीद दिली होती की काठावरचं गवत सोडून पुढे पाय टाकायचा नाही. मुलगा ऐकत होता. घरी कधी एवढं ऐकताना मी त्याला पाहिलं नाही.

गळ म्हणजे तेरा फुटांची लवचिक काठी, दोरीवर छोटा तरंगता बुडबुडा आणि टोकाला गुलाबी जाळीच्या कापडात बांधलेली माशाची अंडी. माशाला माशाच्याच अंड्यांचं आमिष. गढूळ पाण्यात ती पुरचुंडी मोठी आणि भडक रंगाची लागते, आणि तळाशी जावी म्हणून शिसं जास्त. काठापासून दीड हातावर त्याने ती अलगद सोडली. तासाभरात दोन मासे लागले.

पहिला नर. तीन-साडेतीन किलोचा असावा. तो आम्ही ठेवला. दुसरी मादी होती, पोट अंड्यांनी टंच. भावाने तिला पाण्याबाहेर काढलंच नाही. गुडघ्यावर बसून, पाण्यातच चिमट्याने गळ सोडवला, शेपटीजवळ धरून तिचं तोंड प्रवाहाकडे केलं आणि थांबला. मिनिटभराने तिने एक झटका दिला आणि गेली.

इथे आमचा वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

मी म्हटलं, ‘‘खायचा नाही तर पकडला कशाला?’’ माशाला जबह करावं लागत नाही, पाण्याची शिकार सूरह माइदामध्ये हलाल ठरवली आहे, अगदी एहराममध्येसुद्धा. पण ती रोजीसाठी. जिवंत जनावराला नेमबाजीचं निशाण करायला हदीसमध्ये मनाई आहे. गंमत म्हणून गळ टोचायचा आणि सोडून द्यायचं, हे त्याच मनाईच्या जवळ जात नाही का? भाऊ म्हणाला, ‘‘मी खायलाच आलोय. गळाला नर लागेल की मादी, ते माझ्या हातात नाही. मादी लागली तर सोडणं माझ्या हातात आहे. ती पोटात हजारो घेऊन चाललीय.’’ यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याचं बरोबर वाटलं. पण पलीकडच्या वळणावर एक माणूस एकामागून एक मासे काढून, प्रत्येकाला छातीशी धरून फोटो घेत होता आणि सगळे सोडून देत होता. ते मला आजही पटत नाही. भाऊ म्हणतो, कायद्याने त्यात काही गैर नाही, आणि थंड पाण्यात नीट सोडलेला मासा बहुतेक वेळा जगतो. मी म्हणते, कायदा वेगळा आणि जनावराचा हक्क वेगळा. भगिनींनो, तुमच्यापैकी कोणी आलिमांना हा मसला विचारला असेल तर मला जरूर कळवा.

घरी आल्यावर त्या नराचं कालवण केलं, आगळ घालून, आपल्या वाटपाचं. मांस नारिंगी, चव बरी. पापलेटची सर नाही, आणि वसंतातला मासा प्रवासाने थोडा वाळलेलाच असतो. बाळंतिणीला मात्र दिला नाही. सरोवराच्या माशांत काही घातक द्रव्यं उतरतात, म्हणून तिथलं सरकार कुठल्या पाण्यातला, केवढ्या लांबीचा मासा महिन्यात किती वेळा खावा याची पुस्तिका काढतं. त्यात मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया आणि पंधरा वर्षांखालची मुलं यांच्यासाठी आकडे वेगळे दिलेले असतात. भाबीने ती फ्रीजवर चिकटवून ठेवली होती.

मला त्या ओढ्याची एक गोष्ट जास्त लागली. विल्मट हे सॅम्युएल विल्मट नावाच्या गृहस्थांचं नाव. त्यांचं घर याच ओढ्याच्या काठी होतं. त्या काळी ओंटारिओ सरोवरात अटलांटिक सामन मासा होता, तिथलाच, मूळचा. शरदात तो या ओढ्यांतून इतका चढायचा की लोक रात्री मशाली पेटवून भाल्यांनी आणि गवत उचलायच्या काट्यांनी टोचून काढायचे आणि पिंपं भरायचे. अंडी घालायला आलेले मासे. वर जंगलं तुटली, गिरण्यांसाठी ठिकठिकाणी बांध घातले गेले. विल्मटना मासे कमी होताना दिसले. १८६६ साली त्यांनी आपल्या घराजवळच अंडी उबवून पिलं ओढ्यात सोडायला सुरुवात केली. खटपट मोठी होती, सरकारचीही मदत मिळाली. तरी १८९८ च्या सुमारास सरोवरातला तो सामन संपला. आज बाहेरून पिलं आणून तो पुन्हा रुजवायचे प्रयत्न चालू आहेत. स्टीलहेड आज ज्या पाण्यात चढतो ते आधी दुसऱ्याचं घर होतं.

मशाली आणि भाले म्हटल्यावर मला आमची बत्ती आणि कोयती आठवली नसती तर नवल. पहिल्या पावसाचा लोंढा आला की नदीतले मासे पऱ्यातून, शेताच्या बांधावरून, कधी पायवाटेच्या पाण्यातूनसुद्धा वर चढतात. मळे, शिंगट्या, मरळ. याला आम्ही चढणीचे मासे म्हणतो, रायगडकडे वलगणीचे म्हणतात. दोन-तीन रात्रींचा खेळ. सारा गाव पाण्यात. बांबूच्या कामट्यांचे सापळे आधीच लावून ठेवलेले, पाग, टोपल्या, कोयत्या. लहानपणी आमच्या घरी घमेलंभर मासे यायचे आणि जवळपास प्रत्येकाच्या पोटात गाभोळी असायची. गाभोळीचा मासा म्हणजे नशिबाचा, असं दादी म्हणायची. तेव्हा गाव लहान होतं, साधनं साधी होती, पुरून उरत होतं.

आता ते घमेलं वाडग्यावर आलं आहे. पऱ्यावर दोन सिमेंटचे बंधारे झाले, त्यांना माशांसाठी जिना नाही. काही तरुण डोहात ब्लीचिंग पावडर टाकतात, काही तारेने वीज सोडतात. त्यात बोटाएवढं पिलूसुद्धा वाचत नाही. गंमत अशी की समुद्राच्या माशासाठी आपल्याकडेही कायदा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, आणि बंदरावरचे आपलेच दालदी बांधव तो पाळतात, दोन महिने उधारीवर काढतात. पऱ्यातल्या माशाला मात्र वाली नाही.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, बकरी ईदच्या चार-पाच दिवस आधी. पहिल्या रात्रीच चुलतभाऊ टोपली घेऊन दारात. त्यात अकरा मासे होते, मी मोजले. आठ गाभोळीचे. मी त्याला विल्मटची गोष्ट सांगितली, जिन्याची सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘बरोबर आहे आपा. पण मी सोडला तर खालच्या वळणावर दुसरा उचलील. माझ्या सोडण्याने मासा वाचणार आहे का?’’ त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिकडे माझा भाऊ मादी सोडतो तेव्हा पुढच्या वळणावरचा माणूसही त्याच नियमाने बांधलेला असतो. एकट्याचा परहेज पऱ्याला पुरत नाही.

म्हणून चुलत्यांच्या हाती मी जमातीकडे अर्ज दिला. दोनच गोष्टी मागितल्या. ब्लीचिंग पावडर आणि वीज पूर्ण बंद, आणि पहिल्या लोंढ्याच्या दोन रात्री कोणी पऱ्यात उतरायचं नाही. पहिली गोष्ट बैठकीत लगेच मान्य झाली, दंडही ठरला. विहिरींचं पाणी तोच पऱ्या धरून ठेवतो, हे बायकांनी घराघरांत आधीच बोलून ठेवलं होतं. दुसरीवर बरीच चर्चा झाली. चढणीच्या रात्री म्हणजे पोरांची ईद, ती कशी बंद करायची, असं काही बुजुर्ग म्हणाले, आणि त्यांचं दुःख मला कळतं. शेवटी ठरलं की खालच्या कुणबी वाडीने आणि पलीकडच्या गावाने मान्य केलं तर आपणही करू. पऱ्या तिघांचा आहे.

पलीकडच्या गावच्या सरपंच बाईंना मी या मे महिन्यात भेटून आले. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, दोनच रात्री का? पहिल्या दोन रात्रींत मासा निम्म्या वाटेवर पण येत नाही. चार मागा.’’ त्यांचं माहेर नदीकाठचं आहे. त्यांच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचं त्यांनी कबूल केलं आहे. खालच्या वाडीतल्या लोकांशी बोलायला चुलतभाऊ जाणार आहे, आणि सापळे यंदा दुरुस्तीला काढायचे की नाही हे त्याने अजून ठरवलेलं नाही.